प्रतिस्पर्धी निघून गेला आहे

लीचेस हे बुद्धिबळाचं मोफत संकेतस्थळ आहे. तिथे डाव चालू असताना समोरच्याचं इंटरनेट तुटलं, तर थोड्या वेळाने पटाशेजारी एक निरोप उमटतो. प्रतिस्पर्धी डाव सोडून निघून गेला आहे. तुम्ही विजयाचा दावा करू शकता, बरोबरी जाहीर करू शकता किंवा वाट पाहू शकता. मूळ निरोप इंग्रजीत आहे, हा माझा ढोबळ अनुवाद. रोज लाखो डाव चालणाऱ्या ठिकाणी असा काहीतरी निरोप लागतोच, आणि तीन पर्याय देण्याइतका विचार त्यामागे आहे हेही मान्य. तरी हे वाक्य गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. समीक्षा कादंबरीची होते, सिनेमाची होते. स्पर्धेच्या नियमावलीची कुणी करत नाही. पण नियमावली हीसुद्धा कुणीतरी लिहिलेली असते, तिच्यात माणसं असतात, त्यांच्याबद्दल गृहीतकं असतात. लहान मुलांच्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेची अशी एक नियमावली मी स्वतः लिहिली आहे. त्यामुळे या लेखात टीकाकार आणि आरोपी एकच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जून २०२१. कंपनीने घरून काम करायला सांगितलं होतं, म्हणून पुण्याची खोली सोडून मी वर्षभर चोपड्याला येऊन राहिलो होतो. प्रत्यक्षातल्या स्पर्धा मार्च २०२० पासून बंद. आमच्या भागातल्या काही बुद्धिबळप्रेमी मंडळींनी खानदेशातल्या मुलांसाठी एक ऑनलाइन स्पर्धा घ्यायचं ठरवलं आणि मला बोलावलं, कारण ‘तू कॉम्प्युटरवाला आहेस’. नऊ, अकरा आणि पंधरा वर्षांखालील असे तीन गट, सात फेऱ्या, स्विस पद्धत, प्रत्येकी दहा मिनिटं आणि दर खेळीला पाच सेकंदांची भर. डाव लीचेसवर, देखरेख झूमवर. नावं शंभरावर आली. नियमावली मी एका रात्रीत लिहिली. लिहिली म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या नियमावल्या उघडून त्यांतली कलमं उचलली, मराठीत आणली, क्रमांक दिले. आम्ही प्रोग्रामर रोज हेच करतो, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही.

या स्पर्धेने जे दिलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची टीका म्हाताऱ्या माणसाच्या गतकाळाच्या उमाळ्यासारखी वाटेल. चोपड्याला रेल्वे नाही. जळगावला स्पर्धा असली की पहाटेची एसटी, सोबत आई किंवा बाप, म्हणजे त्याचा एक रोज बुडाला. दोन दिवसांची स्पर्धा असेल तर मुक्काम कुठे, हा प्रश्न. मी शाळेत असताना या हिशोबात न बसल्याने किती मुलं खेळातून गळली ते मी पाहिलं आहे. ऑनलाइन स्पर्धेत यावलचा मुलगा, शिरपूरची मुलगी, सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं गाव, सगळे एका रविवारी एकाच यादीत आले. प्रवेश फी नाममात्र. काही मुलं आयुष्यात पहिल्यांदा शाळेबाहेरच्या कुणाशी खेळत होती. पहिल्या फेरीच्या जोड्या पडद्यावर लागल्या तेव्हा मला जो आनंद झाला, तो नोकरीत अजून एकदाही झालेला नाही.

माझ्या नियमावलीतलं सातवं कलम असं होतं: इंटरनेट जोडणी, वीजपुरवठा आणि उपकरण यांची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची राहील, जोडणी तुटल्यामुळे गेलेल्या वेळेची भरपाई मिळणार नाही.

अकरा वर्षांखालील गटाची पाचवी फेरी. तापीकाठच्या एका गावातली मुलगी, चारपैकी चार गुण, पाचव्या डावात एक हत्ती जास्त. तिच्या घड्याळात सहा मिनिटांहून अधिक वेळ शिल्लक होता. बाहेर वारा सुटला होता. जूनच्या सुरुवातीचा आमच्याकडचा वारा म्हणजे काय, ते केळीवाल्यांना विचारावं. अर्ध्या तासात अख्खी बाग आडवी करून जातो. झूमच्या चौकटीतून ती मुलगी नाहीशी झाली, पाठोपाठ पटावरच्या तिच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका विझला. समोरचा मुलगा दहा वर्षांचा. थोड्या वेळाने त्याने माइक चालू करून विचारलं, “सर, इथे दावा करा असं आलंय. करू का?”

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. “नियमाप्रमाणे करू शकतोस. तुझी मर्जी.”

त्याने बटण दाबलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलीचे वडील गावाबाहेर, जिथे रेंज मिळते अशा रस्त्यावर येऊन बोलत होते. “सर, लाईट गेली. टावरबी बंद पडलं. पोरीचं घड्याळ थोडं थांबवता येईल का?” मी सातवं कलम सांगितलं. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, “नियम असेल तर बरोबरच असेल, सर.” त्या संध्याकाळी त्यांचीही बाग पडली होती, हे मला आठवड्याने दुसऱ्याच कुणाकडून कळलं. फोनवर ते त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

आता त्या निरोपाकडे वळतो. ‘निघून गेला आहे.’ सर्व्हर आणि खेळाडूचा फोन यांच्यात सतत एक देवाणघेवाण चालू असते. ठरावीक काळाने एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. ओ आली नाही की सर्व्हर जोडणी तुटली असं धरतो. यापलीकडे त्याला काहीही माहीत नसतं. मुलाने हरायला आलो म्हणून रागाने टॅब बंद केला, फोनची बॅटरी संपली, बापाला मध्येच फोन आला म्हणून ॲप मागे गेलं, वीज गेली, टॉवर बंद पडला: सर्व्हरच्या बाजूने या सगळ्याची नोंद एकच, शांतता. ती शांतता वाक्यात मांडायचं काम कुणा प्रोग्रामरचं. त्याने क्रियापद निवडलं ‘निघून जाणे’. हे कर्त्याच्या इच्छेने घडणारं क्रियापद आहे. ‘जोडणी तुटली आहे’ असं लिहिलं असतं तर कर्ता उरला नसता, आणि मग विजयाचा दावा कुणाविरुद्ध करायचा, असा प्रश्न दहा वर्षांच्या मुलालाही पडला असता. मी नोकरीत असे निरोप लिहितो. ‘आपण सत्र संपवले आहे’, ‘आपण व्यवहार रद्द केला आहे’. पुष्कळदा ग्राहकाने काहीच केलेलं नसतं, आमच्याकडे काहीतरी कोसळलेलं असतं. माझ्या सातव्या कलमातलं ‘सर्वस्वी खेळाडूची’ त्याच जातीचं आहे. घरात, गावात, आभाळात जे घडेल ते मुलाने केलं असं धरून चालायचं.

हे फक्त चोपड्यापुरतं असतं तर लेख लिहिला नसता. याआधीच्या वर्षी, २०२० मध्ये, जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, पहिलं ऑनलाइन ऑलिम्पियाड घेतलं होतं. सहा पटांचा संघ: दोन पुरुष, दोन महिला, आणि वीस वर्षांखालील एक मुलगा, एक मुलगी. तरुण खेळाडूंना संघात सक्तीची जागा देणारी ही रचना मला आजही फार आवडते. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. मुलींच्या पटावर आर. प्रज्ञानंदाच्या पिढीतलीच नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा चौदा वर्षांची. मुलांच्या पटावर सोळा वर्षांचा निहाल सरीन. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. पहिला सामना ३-३. दुसऱ्या सामन्यात निकाल स्पष्ट नसतानाच निहाल आणि दिव्या या दोघांची जोडणी तुटली आणि वेळेवर दोघेही हरले. रशिया विजेता ठरला. भारताने अपील केलं. त्या दिवशी सेंच्युरीलिंक आणि क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यात जगभर जाणवलेला बिघाड झाला होता, ते समोर आलं. अपील समितीत एकमत झालं नाही. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक जाहीर केलं. आपल्याकडे पेढे वाटले गेले, मीही खाल्ले.

पण याच्या दोनच दिवस आधीची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. उपांत्यपूर्व फेरीत भारतासमोर आर्मेनिया होता. तिथे हायक मार्तिरोस्यान हा त्यांचा तरुण खेळाडू आपल्या निहाल सरीनविरुद्ध जोडणी तुटून हरला. आर्मेनियाने अपील केलं. ते फेटाळलं गेलं. चिडून आर्मेनियाने दुसरा सामना खेळायलाच नकार दिला आणि आपण पुढे गेलो. नियम तोच, कलम तेच, दोन दिवसांत निकाल दोन. फिडेच्या बाजूने युक्तिवाद असा की एक बिघाड खेळाडूच्या बाजूचा होता आणि दुसरा जगाच्या बाजूचा. तांत्रिकदृष्ट्या हा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याचा अर्थ काय निघतो ते बघा. बिघाड पुरेसा मोठा असेल, त्याची बातमी होत असेल, त्याचे आलेख कंपन्या स्वतः प्रसिद्ध करत असतील, तर तो बिघाड. तुमच्या एकट्याचा, एका गल्लीचा, एका फीडरचा असेल, तर तुम्ही निघून गेलात. तापीकाठच्या त्या गावातली वीज साडेचारला गेली की पावणेपाचला, याची नोंद उपकेंद्रातल्या एखाद्या वहीत असेल; ती माझ्यासमोर पुरावा म्हणून कोण आणणार? शिवाय त्या मुलीला अपील समितीही नव्हती. पंच मी, जोड्या लावणारा मी, तांत्रिक मदत मी, अपील ऐकणाराही मीच. द्वोर्कोविचांसारखा हात वर करून दोघांनाही गुण देऊन टाकण्याचा अधिकार खरं तर मलाही होता. मला तो सुचला नाही, कारण ती पळवाट माझ्या नियमावलीत लिहिलेली नव्हती. त्यांच्याही नव्हती.

दिव्या देशमुखने पुढे २०२५ साली बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून, आणि त्यातूनच ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हाच्या लेखांमध्ये २०२० च्या ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक तिच्या यादीत नीट छापलेलं दिसतं. ते योग्यच आहे. मी फक्त यादी वाचताना त्या पदकाशी थबकतो.

समीक्षेत ‘अभिप्रेत वाचक’ अशी एक कल्पना आहे. लेखकाने मनात धरलेला, पुस्तकातच दडलेला वाचक. नियमावलीत असाच एक अभिप्रेत खेळाडू असतो. माझ्या नियमावलीतल्या खेळाडूचं चित्र मी नंतर काढून पाहिलं. त्याला स्वतंत्र खोली आहे. खोलीला दार आहे, कारण कलम अकराप्रमाणे ‘डावादरम्यान खोलीत अन्य कोणीही नसावे’. त्याच्याकडे दोन उपकरणं आहेत, एकावर डाव, दुसऱ्याचा कॅमेरा बाजूने त्याच्यावर रोखलेला. घरात एक मोठं माणूस आहे जे सुरुवातीला कॅमेरा फिरवून खोलीच्या चारही भिंती दाखवील आणि मग बाहेर जाईल. हा मुलगा बाणेर किंवा बावधनला राहतो. त्याच वर्षीच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी किमान एक स्मार्टफोन होता; २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. प्रगती मोठी आहे. पण त्याच पाहणीत घरी फोन असूनही तो वापरायलाच न मिळणारी सुमारे चतुर्थांश मुलं होती. आणि आम्ही मागत होतो दोन. आमच्या मुलांनी काय केलं? शेजाऱ्याचा फोन आणला. गव्हाच्या डब्यावर डबा रचून कॅमेरा टेकवला. मागे आजी खाटेवर झोपलेली, कुठे कुकरची शिट्टी, एका घरात अंगणात पापड वाळत होते आणि पापडांवर लक्ष ठेवायचं कामही त्याच मुलाकडे होतं. दर पाच मिनिटांनी तो उठून कावळे हाकलून येई. कलम अकराचं काटेकोर पालन केलं असतं तर पहिल्या फेरीतच निम्मी स्पर्धा बाद झाली असती. तिथे मात्र आम्ही डोळेझाक केली. म्हणजे नियम मोडता येतो हे मला माहीत होतं. सातव्या कलमाच्या वेळीच तो पवित्र झाला.

आणि मग तो मुलगा, ज्याच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो.

पंधरा वर्षांखालील गटात एक बारा वर्षांचा मुलगा पाचपैकी पाच होता. त्याचं मानांकन कमी, हरवलेली मुलं नावाजलेली. एका पालकाने मला दोन डावांचे स्क्रीनशॉट पाठवले. प्रत्येक खेळीआधी मुलगा वर, कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघतो, तिथे दुसरा पडदा आहे, असा आरोप. मी डाव संगणकाच्या इंजिनावर तपासले. खेळ्या बऱ्याच जुळत होत्या. किती जुळल्या म्हणजे ‘बऱ्याच’, याचं मला काही शिक्षण नव्हतं. बफेलो विद्यापीठातले केनेथ रीगन नावाचे प्राध्यापक, जे स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर आहेत, या प्रकारच्या तपासणीचं गणित अनेक वर्षं करत आले आहेत. त्याचा गाभा असा: अमुक मानांकनाचा खेळाडू इंजिनाशी साधारण किती जुळेल याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष खेळ त्यापासून किती दूर आहे ते मोजायचं. म्हणजे सगळा डोलारा मानांकनावर. २०२१ मध्ये मुलांची मानांकनं म्हणजे मार्च २०२० चे गोठलेले फोटो. शाळा बंद, मैदान बंद, दिवसभर फोनवर कोडी सोडवत बसलेलं बारा वर्षांचं पोर सव्वा वर्षात कुठल्या कुठे जातं. कागदावर ते चोरासारखंच दिसणार. त्यात साधी अंकगणिताची गोष्ट: शंभरात एकदाच चुकणारी चाचणी शंभर प्रामाणिक मुलांना लावली, तर सरासरीने एक प्रामाणिक मूल अडकणारच. कॉलेजात संभाव्यतेच्या पेपरात मी हे गणित सोडवलं होतं. त्या दुपारी ते आठवलं नाही.

मी त्याला झूमच्या वेगळ्या खोलीत घेतलं. खोली फिरवून दाखव म्हटलं, कान दाखव म्हटलं. मग त्याच्या एका डावातली विसावी खेळी पडद्यावर आणून विचारलं, इथे घोडा का हलवलास? तो गप्प. पुन्हा विचारलं. त्याने वर बघितलं, त्याच कोपऱ्याकडे, आणि त्याचे डोळे भरले. कॅमेऱ्याबाहेरून बाईचा आवाज आला, “सांग ना रे, घाबरतो काय.” मला काहीच सिद्ध करता आलं नाही. मी त्याला पुढे खेळू दिलं. उरलेले दोन्ही डाव तो वाईट हरला. तक्रार करणाऱ्या पालकांचा लगेच निरोप: बघा, आता मदत बंद झाली. मला वाटलं होतं, रडून आलेलं मूल असंच खेळणार. दोन्ही स्पष्टीकरणं त्याच पुराव्यात चपखल बसतात. तो मुलगा खेळताना वर बघतो ही त्याची विचार करायची पद्धत होती की आणखी काही, हे मला आजही ठाऊक नाही. बुद्धिबळ खेळणारी माणसं पटावरून नजर काढून छताकडे बघत विचार करतात. मोठमोठे ग्रँडमास्टर करतात, आणि भरल्या सभागृहात ते एकाग्रतेचं लक्षण मानलं जातं. कॅमेऱ्यासमोर तेच लक्षण गुन्ह्याचं होतं.

मुलं फसवतात का? फसवतात. आम्हीच दोन पक्की प्रकरणं पकडली, एकात तर दादा शेजारी बसून खेळ्या सांगत असल्याचं माइकवर ऐकू आलं. मोठेही फसवतात. त्याच महिन्यात विश्वनाथन आनंदविरुद्धच्या मदतनिधीच्या डावात उद्योजक निखिल कामथ यांनी संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतल्याचं दुसऱ्या दिवशी स्वतःच कबूल केलं होतं. खातं बंद झालं, मग पुन्हा चालू झालं, लोक हसले, विषय संपला. प्रौढाला एक ट्वीट पुरतं. बारा वर्षांच्या मुलाचं नाव तालुक्यात लागलं की ते पुसणारं माध्यम नाही. व्हॉट्सॲपच्या गटात ‘तो झूमवाला’ म्हणून तो ओळखला जाऊ लागला होता. नंतर तो कुठल्या स्पर्धेत दिसला का, हे मी एक-दोनदा शोधलं. मग शोधणं सोडलं.

पडद्यावरच्या स्पर्धेतून आणखी एक गोष्ट गळाली, जिच्याबद्दल नियमावल्यांमध्ये एक ओळही नसते. प्रत्यक्ष स्पर्धेत डाव संपला की दोन्ही मुलं सह्या करतात, बाहेर जातात आणि पायरीवर पट मांडून बसतात. ‘इथे तू उंट घेतला असतास तर?’ ‘मग मी किल्लेकोट केला असता.’ बाजूला तिसरा उभा राहतो, चौथा. हरलेला मुलगा दहा मिनिटांत हसायला लागतो, कारण तिसऱ्याने दोघांचीही चूक काढलेली असते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्यान्‌पिढ्या मुलं खेळाला लावली, ती अशाच गर्दीत. खेळ तिथेच शिकला जातो, डावात फक्त परीक्षा होते. आमच्या स्पर्धेत डाव संपला की चौकट बंद. त्या मुलीने आणि समोरच्या मुलाने एकमेकांशी एकही शब्द बोलायची सोय मी ठेवली नव्हती; गप्पांची खिडकी गैरप्रकार टाळण्यासाठी मीच बंद केली होती. तिची वीज गेली होती हे त्या मुलाला कधी कळलं का? बहुधा नाही. त्याच्या पडद्यावर ती निघून गेली होती.

फिडेने २०२१ पासून ऑनलाइन खेळाचे जे वेगळे नियम केले, त्यांत एक ‘हायब्रिड’ प्रकार आहे. मुलं आपापल्या गावच्या एका केंद्रात जमतात, तिथे पंच हजर असतो, आणि डाव संगणकावर दुसऱ्या केंद्रातल्या मुलाशी होतो. मला हा प्रकार ऑनलाइनमधल्या सगळ्या कल्पनांपैकी सगळ्यात शहाणा वाटतो, आणि मोठ्या शहरांपेक्षा तालुक्याच्या गावांना तो जास्त लागू पडेल. चोपड्यात एखाद्या शाळेची संगणकाची खोली, एक जनरेटर, एक पंच. शिरपुरात तसंच, अमळनेरला तसंच. जळगावची एसटी वाचते आणि कुठल्याच मुलाला कान दाखवावे लागत नाहीत. आम्ही हे करून बघायच्या गोष्टी केल्या. तोवर निर्बंध उठले, प्रत्यक्ष स्पर्धा सुरू झाल्या आणि सगळ्यांचा उत्साह तिकडे वळला. आमची ऑनलाइन स्पर्धा पुढे झाली नाही. नियमावली माझ्या लॅपटॉपवर अजून आहे. सातव्या कलमाला मी नंतर एक उपकलम जोडून ठेवलं: जोडणी तुटल्यास पंच दोन्ही घड्याळे थांबवून वीस मिनिटांपर्यंत वाट पाहतील, आणि त्यानंतर पटावरील स्थिती पाहून निर्णय देतील. लीचेसवर दोन्ही घड्याळं बाहेरून थांबवायची सोय पंचाला नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं. डाव तिथेच सोडून तीच स्थिती मांडून नवा डाव सुरू करावा लागेल, उरलेला वेळ हाताने भरावा लागेल. किचकट आहे, पण होतं. मी करून पाहिलं आहे, दोन फोन घेऊन, एकटाच.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका मंगल कार्यालयात मुलांच्या स्पर्धेला मदतनीस म्हणून गेलो होतो. पारा पंचेचाळीसच्या घरात, कूलर धडधडत होते, दीडशे मुलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, रेक्झिनचे पट. चौथ्या फेरीत ऐन मध्यावर वीज गेली. कूलर थांबले, सभागृह एकदम काळोखलं. मुलांमध्ये एक मोठी ‘ओऽऽ’ उठली. पंच बाईंनी टाळी वाजवून मोठ्याने सांगितलं, “घड्याळं थांबवा. कुणी सोंगटीला हात लावायचा नाही. हात मागे.” पाऊणशे घड्याळांचा आवाज ओळीने थांबत गेला. मुलं हात मागे बांधून अंधारात पटाकडे बघत बसली. एक-दोन आया पदराने वारा घालायला दारापर्यंत आल्या, त्यांना बाईंनी परत पाठवलं. मागच्या ओळीतल्या एका मुलीने समोरच्या मुलाला काहीतरी कुजबुजून विचारलं, त्याने मान हलवली, दोघं हसली. सात-आठ मिनिटांनी मागच्या अंगणात जनरेटरची दोरी कुणीतरी तिसऱ्यांदा ओढली आणि ट्यूबलाइट फडफडायला लागल्या.

“दिवे नीट लागू द्या,” बाई म्हणाल्या. “मग मी सांगेन तेव्हा सुरू करा.”